चकती ग्लासवर ठेवा, म्हणजे थांबतील

वाचकांचे प्रश्न: प्रवास आणि बिअर

युरोपच्या सहलीत बिअर कुठे, कशी आणि किती चाखावी, याबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले काही इथे घेतले आहेत. महाराष्ट्रात बिअर पिण्याचं कायदेशीर वय २१ वर्षं आहे. पुढचं सगळं त्या वयाच्या पुढच्या वाचकांसाठी आहे.

आम्ही तिघे मित्र ऑक्टोबरमध्ये ९ दिवसांसाठी जातोय. ब्रसेल्स, कोलोन, बाम्बर्ग आणि प्राग अशी चार शहरं ठरली आहेत. चाखायच्या बिअरची ४० नावांची यादी केली आहे. ती कशी पार पाडावी? (नाशिक)

यादी आधी फाडा. ९ दिवसांत ४० बिअर म्हणजे रोज चार-पाच. तिसऱ्या दिवसानंतर जिभेला फरक कळत नाही आणि वहीत फक्त नावं उरतात. तुम्ही निवडलेल्या चारही शहरांची स्वतःची अशी एक बिअर आहे आणि ती तिथेच ताजी मिळते. तेवढी नीट चाखली तरी ९ दिवस भरतील.

क्रम लावताना भूगोल आणि जीभ यांचं पटत नाही. जिभेच्या दृष्टीने हलक्यापासून सुरुवात करून ब्रसेल्सची आंबट आणि कडक बिअर शेवटी यायला हवी. पण ब्रसेल्सहून कोलोन रेल्वेने दोन तासांवर आहे आणि प्राग पार दुसऱ्या टोकाला. भूगोलाचं ऐका, ब्रसेल्सपासूनच सुरुवात करा. फक्त पहिल्या संध्याकाळी विमानाचा शीण असताना ९-१० टक्के अल्कोहोलच्या बाटलीला हात लावू नका.

ब्रसेल्सची खासियत लाँबिक. तिच्यात यीस्ट घालत नाहीत. उकळलेला धान्याचा रस उथळ, पसरट तांब्याच्या भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतले व पिंपाच्या लाकडातले जंतू तो आंबवतात. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवलं की आपोआप फुगतं, त्याच जातीचा प्रकार. हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढंच चालतं, कारण उन्हाळ्यात रस लवकर निवत नाही आणि नको ते जंतू त्यात शिरतात. अँडरलेख्त भागात १९०० साली सुरू झालेली काँतियाँ ही ब्रुअरी आजही याच पद्धतीने चालते आणि आतून पाहता येते. एक, दोन आणि तीन वर्षं पिंपात मुरलेल्या लाँबिकचं मिश्रण करून बाटलीत पुन्हा आंबवलं की ती गझ. आंबट चेरी घातली की क्रीक. बाटलीवर ‘औड’ म्हणजे ‘जुनी’ हा शब्द पाहून घ्या. तो नसलेल्या पुष्कळ क्रीक साखर घालून गोड केलेल्या असतात. त्या सरबतासारख्या लागतात आणि लाँबिक काय चीज आहे ते त्यातून कळत नाही.

कोलोनची क्योल्श फिकी, स्वच्छ, ४.८ टक्क्यांच्या आसपासची. पहिल्या घोटाला ‘यात विशेष काय?’ असं वाटतं. विशेष हे की ती एलच्या, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरच्या, यीस्टने आंबवतात आणि मग लागरसारखी थंडीत मुरवतात. त्यामुळे फळाचा अगदी पुसट वास येतो आणि शेवट कोरडा होतो. हे नाव कोलोन आणि लगतच्या परिसरातल्या ब्रुअरींनाच वापरता येतं. त्यांच्यातला करार १९८६ चा आहे. जमलं तर अर्ध्या तासावरच्या ड्युसेलडॉर्फला जाऊन तिथली तांबूस, जास्त कडसर आल्टबिअर घ्या. दोन्ही एकाच दिवशी घेतल्या तर फरक लक्षात राहतो. मात्र ड्युसेलडॉर्फमध्ये क्योल्श मागू नका. दोन्ही शहरांची भांडणं जुनी आहेत.

बाम्बर्गला धुराची बिअर, राउखबिअर. मॉल्ट, म्हणजे मोड आणलेला जव, बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, म्हणून बिअरला थेट धुराचा वास येतो. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या भरिताची ज्यांना सवय आहे त्यांना ती परकी वाटू नये. पुष्कळांना मात्र तिच्यात धुरवलेल्या मांसाचा वास येतो. शाकाहारी वाचकांसाठी सांगतो, मांसाचा त्यात काही संबंध नाही, वास फक्त लाकडाचा आहे. आधी १५३६ पासूनच्या श्पेत्सिआल ब्रुअरीत सौम्य धुराची घ्या, मग श्लेंकेर्ला ब्रुअरीची ५.१ टक्क्यांची गडद मेर्त्सन. उलट केलंत तर श्पेत्सिआलची चवच लागणार नाही. आणि दोन घोटांवर निकाल देऊ नका. नाक धुराला सरावलं की खालची मॉल्टची गोडी वर येते, त्याला अर्धा लिटर तरी लागतो.

बाम्बर्गहून न्यूरेंबर्गमार्गे प्रागकडे जाताना प्लझेन्यला उतरता आलं तर उतरा. १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने इथे पहिली सोनेरी पिल्सनर केली आणि आज जगभर, आपल्याकडेही, जी फिकी लागर मिळते तिचं मूळ हेच. पिल्स्नर उर्केल ४.४ टक्क्यांचीच आहे, पण भारतातल्या लागरची सवय असलेल्याला ती चांगलीच कडू लागेल. चेक पाट्यांवरचे १०°, ११°, १२° हे आकडे अल्कोहोलचे नाहीत. आंबवण्याआधी रसात साखर वगैरे किती विरघळलेलं होतं ते त्यातून कळतं. १० ची बिअर साधारण ४ टक्क्यांची असते, १२ ची ५ च्या आसपास. संध्याकाळ लांबवायची असेल तर १० ची मागा.

कोलोनमध्ये आम्ही एकेकच ग्लास मागवला होता. वेटर न विचारता भरलेले ग्लास आणून ठेवत राहिला आणि शेवटी दोघांत ११ ग्लासांचं बिल आलं. ही फसवणूक नाही का? (ठाणे)

नाही, तिथली रीतच तशी आहे. क्योल्शचा उभट ग्लास फक्त ०.२ लिटरचा असतो, म्हणजे पेय गरम व्हायच्या आत संपतं. निळ्या अॅप्रनमधला वेटर, त्याला क्योबेस म्हणतात, खाचांच्या गोल ट्रेमध्ये ग्लास घेऊन फिरत असतो. रिकामा ग्लास दिसला की तो भरलेला ठेवतो आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. तीच चकती तुमचं बिल. ती फाडू नका, खिशात घालू नका. पुरे झालं की चकती ग्लासच्या तोंडावर ठेवायची. ‘नको, नको’ म्हणत हात हलवण्यापेक्षा हे जास्त चालतं. क्योबेस जरा तिरकस बोलतात, तेही रीतीतलंच. मनावर घेऊ नका.

११ ग्लास म्हणजे २.२ लिटर. माणशी सव्वा लिटरच्या आतच. लहान ग्लासमुळे मोजणी चुकते, एवढंच.

चार-पाच नमुन्यांचा ट्रे मागवला तर तो एका बिअरएवढाच धरायचा का? नेमकं किती झालं हे कसं मोजायचं? (छत्रपती संभाजीनगर)

हिशेब सोपा आहे. मिलिलिटर गुणिले टक्के भागिले १०० म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे मिलिलिटर. त्याला ०.७९ ने गुणलं की ग्रॅम. सर्वसाधारण प्रौढाचं शरीर तासाला ७ ते १० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल संपवतं. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही.

आता आकडे बघा. आपल्याकडची ६५० मिलिलिटरची ५ टक्क्यांची बाटली म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. बेल्जियममधली ९.५ टक्क्यांची वेस्टमाल ट्रिपल, इवलीशी ३३० ची बाटली, जवळजवळ २५ ग्रॅम. म्हणजे दिसायला अर्धी, चढायला पूर्ण. ११.३ टक्क्यांची रोशफोर १० तर ३० ग्रॅमला जाऊन टेकते. उलट क्योल्शचा एक ग्लास साडेसात ग्रॅम, जवळपास एका तासाचा हिशेब. १२५ मिलिलिटरचे चार नमुने, सरासरी ६ टक्के धरले, तर २४ ग्रॅम. एका मोठ्या बाटलीएवढे झाले, आणि ते अर्ध्या तासात संपतात ही खरी अडचण.

म्हणून ट्रे दोघांत एक घ्या. फिक्या, कमी कडू बिअरपासून सुरुवात, मग गव्हाची, मग हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) कडू, मग काळी भाजक्या मॉल्टची. आंबट आणि धुराची अगदी शेवटी. हॉप्स जास्त घातलेली कडू आयपीए आधी घेतली तर तिचा कडवटपणा जिभेवर बसतो आणि पुढची लागर पाणी वाटते. प्रत्येक नमुन्यानंतर दोन घोट पाणी आणि साध्या पावाचा तुकडा. चकण्याला शेव, तिखट शेंगदाणे किंवा लोणचं नको. मीठ आणि तिखट जिभेचा ताबा घेतात. शेवटचा नमुना रटाळ वाटला तर पहिल्याचा राखून ठेवलेला एक घोट पुन्हा घेऊन बघा. तोही रटाळ लागला तर जीभ दमली आहे, बिअरचा दोष नाही.

प्रवासात पोट बिघडून मेट्रोनिडाझोल चालू असेल तर बिअर पूर्ण बंद. गोळ्या संपल्यावर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा.

ब्रसेल्सला घेतलेली गझ इतकी आंबट होती की आम्ही अर्धी टाकून दिली. बाटली नासलेली होती की तशीच असते? (कोल्हापूर)

बहुधा तशीच असते. कैरी, हिरवं सफरचंद, जुनं लाकूड, थोडा तबेल्यासारखा वास, हे सगळं गझमध्ये अपेक्षित आहे. तबेल्याचा वास ब्रेटानोमायसेस या रानटी यीस्टचा, आणि ओर्व्हालसारख्या ट्रॅपिस्ट, म्हणजे ख्रिस्ती मठात होणाऱ्या, बिअरमध्ये तो मुद्दाम आणतात. मात्र घशाला झोंबणारा, नखांच्या पॉलिशसारखा किंवा सरळ व्हिनेगरचा वास आला तर ती बिघडली आहे.

इतर बिअरमधले दोष ओळखायला नाकच पुरतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी, हवा लागलेली. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा आला तर उकळणं कमी पडलेलं असतं किंवा रस हळू निवलेला. लोण्यात परतलेल्या पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायासेटिल. काही चेक लागरमध्ये तो थोडासा असतो आणि तिथे चालतो. पण तो दाट असेल आणि जोडीला आंबूस वास येत असेल, तर नळाच्या पाइपांची सफाई झालेली नाही. त्या ठिकाणी दुसरा ग्लास घेऊ नका. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटलीला जळक्या रबरासारखा उग्र वास आला तर तिला ऊन लागलंय. उजेडाने हॉप्समधली द्रव्यं फुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. तपकिरी काच ते बरंचसं अडवते. दुकानाच्या काचेत मांडलेली बाटली कितीही देखणी असली तरी घ्यायची नाही. जर्मन गव्हाच्या बिअरमधला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास मात्र दोष नव्हे. तो तिथल्या यीस्टचा गुण.

बाटलीच्या तळाशी गाळ दिसला म्हणून परत करू नका. ते यीस्ट आहे. बेल्जियन बाटली एकाच दमात, हळू ओता आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

प्रागमध्ये ग्लासात चार बोटं फेस होता. मुंबईत असं दिलं असतं तर भांडलो असतो. (डोंबिवली)

भांडू नका. चेक ओतणारा आधी दाट फेस सोडतो आणि त्याच्या खालून बिअर भरतो. या फेसाने बिअरला हवा लागत नाही आणि कडवटपणा थोडा फेसात अडकतो. ह्लादिंका हा नेहमीचा प्रकार, तीनेक बोटं ओलसर फेसाचा. श्नितमध्ये फेस जास्त, बिअर कमी. म्लीको, म्हणजे दूध, जवळपास सगळाच फेस, चवीला गोडसर, आणि तो बसायच्या आत संपवायचा असतो. माप तपासायचं असेल तर ग्लासवर कोरलेली ०,५ ची रेघ बघा. ह्लादिंकात बिअर तिथपर्यंत हवी, फेस तिच्या वर. काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिलेले दिसले तर मात्र तक्रार करा. ग्लास तेलकट आहे, आणि तेलकट ग्लासात फेस टिकत नाही.

बिअर पूर्ण शाकाहारी असते, असं धरून चालायचं का? (सांगली)

सगळीकडे नाही. इंग्लंडमधली पिंपातली कास्क एल लवकर नितळ व्हावी म्हणून तिच्यात आयझिंग्लास घालायची जुनी पद्धत आहे. हे माशाच्या हवेच्या पिशवीपासून करतात. ते यीस्टला धरून तळाशी बसतं, तरी ज्यांना वर्ज्य आहे त्यांना ते वर्ज्यच. पंपाच्या पाटीवर ‘अनफाइन्ड’ किंवा ‘व्हीगन’ लिहिलंय का पाहा, नाहीतर विचारा. गिनेसने गेल्या दशकात आयझिंग्लास सोडून दिलं. जर्मन बिअरची काळजी जवळपास नको, तिथे बिअरमध्ये फक्त पाणी, जव आणि हॉप्स घालण्याच्या १५१६ च्या बव्हेरियन नियमाची परंपरा अजून पाळतात. ‘मिल्क स्टाउट’ या काळ्या बिअरमध्ये दुधातली साखर असते. दूध न पचणाऱ्यांनी ती टाळावी.

बिअरपेक्षा जपायचं ते खाण्याला. ब्रसेल्सचे प्रसिद्ध बटाट्याचे फ्राइज परंपरेने गोमांसाच्या चरबीत तळतात. तेल कुठलं हे प्रत्येक ठिकाणी विचारा. प्रागमध्ये तळलेलं चीज मिळतं, तिथेही तोच प्रश्न.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. कास्क एल ११ ते १३ अंशांवर देतात, ती ‘गरम’ म्हणून परत करू नका. पाइंट ५६८ मिलिलिटरचा, पण अर्धा आणि एक तृतीयांशही कायद्याने ठरलेली मापं आहेत. चाखायला तृतीयांश उत्तम. विकत घेण्याआधी घोटभर चव मागितली तरी बहुतेक पबमध्ये कुणी नाक मुरडत नाही.

बाटल्या घरी आणायच्या आहेत. किती, आणि कशा? (नागपूर)

सीमाशुल्काची सवलत दर माणशी २ लिटर, आणि त्यात दारू, वाइन, बिअर सगळं धरतात. ३३० च्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, बरोबर बसतात. विमानतळावर व्हिस्की घेणार असाल तर ती याच २ लिटरमधून जाते. तुमची आणि पत्नीची सवलत एकत्र करून एकाच्या नावावर दाखवता येत नाही. प्रत्येकाने आपापली आणावी. निघण्याआधी चालू नियम एकदा पाहून घ्या.

हातसामानातली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते, तेव्हा बाटल्या मोठ्या बॅगेतच. आधी बाटलीला झिपच्या पिशवीत घाला, मग जाड मोज्यात, मग जीन्समध्ये गुंडाळा. बॅगेच्या मधोमध, चाकांपासून आणि कडांपासून दूर ठेवा. दोन बाटल्यांची काच एकमेकींना लागता कामा नये. बाटल्या फुटतात त्या हवेच्या दाबाने नव्हे, बॅग आपटल्याने. सहा बाटल्यांचं वजन साधारण ४ किलो होतं, ते आधीच धरून चाला. जर्मनीत बाटलीमागे ठेव घेतात, साध्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. इकडे आणलीत की ते गेले.

काय आणायचं? गझ, रोशफोर, ओर्व्हाल यांसारख्या टिकणाऱ्या. क्योल्श आणि आयपीए आणू नका. त्यांची मजा ताजेपणात आहे आणि नागपूरच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेली आयपीए महिन्याभरात पुठ्ठा होते. टिकणाऱ्या बाटल्याही इथे फ्रीजमध्ये उभ्या ठेवा. परतीचं विमान अहमदाबाद किंवा पाटण्याला उतरणार असेल तर बाटल्यांचा विचारच सोडा, दोन्ही राज्यांत दारूबंदी आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याप्रमाणे दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो काढून ठेवलेला बरा.

भाड्याची गाडी घेऊन ब्रुअरी पाहत फिरायचा विचार आहे. एखादा ग्लास चालतो का? (पणजी)

चेक प्रजासत्ताकात मर्यादा शून्य आहे, एक ग्लासही नाही. जर्मनी आणि बेल्जियममध्ये रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम, पण त्या भरवशावर राहू नका. रात्री उशिरापर्यंत प्यायलेली सकाळी रक्तात उरलेली असते. वर दिलेला तासांचा हिशेब करून बघा. सुरुवातीला आलेल्या चारही शहरांत रेल्वे आहे, गाडी घेऊच नका.

जाण्याआधी जीभ थोडी तयार करता येईल का? (पुणे)

येईल, आणि पुण्यात राहून ते सोपं आहे. इथे डुलालीची मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये सुरू झाली आणि आता शहरात निवडीला वाव आहे. गव्हाची, लागर, आयपीए आणि स्टाउट असे चार नमुने घ्या आणि ओळखायला फक्त नाक वापरा. घरी लवंग, धणे, पिकलं केळं, संत्र्याची साल, कोकम आणि जळकी भाकरी एकेका वाटीत झाकून ठेवा आणि डोळे मिटून हुंगा. गव्हाच्या बेल्जियन बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल प्रत्यक्षात घालतात. मग मित्राला तीन ग्लास भरायला सांगा, दोन एकाच बिअरचे, एक वेगळीचा, आणि वेगळा ओळखा. लागर आणि स्टाउटमध्ये कुणालाही जमतं. दोन लागरमध्ये तीनदा सलग जमलं की बॅग भरायला घ्या.